धर्मानंद कोसंबी : पुन्हा पुन्हा आरंभ करणारा विद्यार्थी

निकालाचे दिवस आले की आपल्या घराघरांत एकच विषय असतो. कोणाचे एक वर्ष गेले, कोणी शाखा चुकीची निवडली, कोणी शिक्षण अर्धवट सोडून घरी बसले. अशा मुलांना मोठमोठ्या हुशारांची चरित्रे सांगून फारसा उपयोग होत नाही, असे आम्हांला वाटते. त्यापेक्षा धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र सांगावे. आम्हां बडोदेकरांना तर ते जवळचे वाटायला हवे.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. घरची माडांची बागायत होती. प्रकृती तोळामासा आणि पोर्तुगीज अमलात मराठी शिक्षणाची सोय बेताची, त्यामुळे शाळा लवकरच सुटली. पंधराच्या सुमारास लग्न झाले आणि बागायत सांभाळणे हेच आयुष्य ठरले. वाचनाची भूक मात्र गेली नाही. ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले आणि या माणसाविषयी सगळे काही जाणून घ्यायचे, असे मनाने घेतले.

मग काय, घर सोडले! पण एकदा नव्हे, अनेकदा सोडले आणि प्रत्येक वेळी परत आले. चरित्र सांगताना हा भाग सहसा उरकला जातो. आम्हांला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गाठीला पैसा नाही, कोणाकडे जायचे ते ठाऊक नाही, नेमके काय शिकायचे तेही पक्के नाही. नुसत्या तळमळीवर माणूस किती दिवस तग धरणार? गावात परतलेल्या तरुणाकडे लोक कसे पाहतात, हे सांगायला नको.

१८९९ च्या अखेरीस ते निघाले तेव्हा वय तेवीस होते. या वेळी तळमळीच्या जोडीला क्रम होता. बुद्धाचा धर्म समजून घ्यायचा तर आधी संस्कृत आले पाहिजे, आणि संस्कृतसाठी गुरू पाहिजे. ते पुण्याला गेले, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुढे इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत काशीला पोहोचले. तिथे अन्नछत्रात जेवून, आपल्याहून लहान मुलांच्या बरोबरीने बसून त्यांनी व्याकरण घोकले. तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पहिल्या पायरीवर बसायला मोठे धैर्य लागते.

तरीही पुढचा अंदाज पुन्हा चुकला. बौद्ध धर्म नेपाळात असेल असे समजून १९०२ मध्ये ते थंडीवाऱ्यात, पायपीट करीत तिकडे गेले. जे शोधत होते ते तिथे सापडले नाही. पूर्वीचे धर्मानंद असते तर इथूनच गोव्याची वाट धरली असती. आता मात्र ते बुद्धगयेला आले, चौकशी केली आणि मूळ पाली ग्रंथ शिकायला सिलोन गाठावे लागेल हे कळताच तिकडे निघाले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी ते पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

एक गोष्ट झाकून ठेवणे बरे नव्हे. ते निघाले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई होत्या, तान्ही मुलगी माणिक होती. १९०६ पर्यंतची ती जवळजवळ सात वर्षे बाळाबाईंनी कशी काढली असतील? या विद्येची मोठी किंमत त्यांनी मोजली, आणि त्यांचे नाव या चरित्रात ठळकपणेच यायला हवे.

परतल्यावर धर्मानंदांना कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले. तेवढ्यात आपल्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक लिहावे. कलकत्त्याचे काम सोडून त्यांनी ती मदत पत्करली, कारण आपल्या लोकांना आपल्या भाषेत हे ज्ञान द्यायचे होते. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्याने ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या नावाने १९१० मध्ये पुस्तकरूपाने आली.

त्याच वर्षी हा कोणतीही पदवी नसलेला माणूस अमेरिकेत हार्वर्डला गेला. काम होते ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाचे. श्रेयावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी पटेना, तेव्हा काम अर्धे टाकून १९१२ मध्ये ते परतले. स्वाभिमान राखला, ग्रंथ मात्र तसाच पडून राहिला. मग सहा वर्षे फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. पु. वि. बापट, चिं. वि. राजवाडे असे विद्यार्थी तयार केले. १९१८ मध्ये हार्वर्डचे बोलावणे पुन्हा आले, तेव्हा जुना राग धरून न बसता ते गेले. या वेळी माणिक आणि दामोदर ही मुलेही बरोबर होती. दामोदर म्हणजे पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून नावाजलेले डी. डी. कोसंबी.

‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र १९२४ साली निघाले. त्यात फसलेले बेतही ते आडपडदा न ठेवता सांगतात. आपल्या तरुण मुलांच्या हाती ते जरूर द्यावे.

‘विसुद्धिमग्ग’साठी त्यांना त्यानंतरही अमेरिकेच्या वाऱ्या कराव्या लागल्या. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांनी देह ठेवला. हार्वर्डची ती आवृत्ती १९५० मध्ये प्रसिद्ध झाली. त्यावर मूळ संपादक वॉरन यांच्यासोबत धर्मानंदांचेही नाव आहे.