भगवान गौतम बुद्ध

थोर पुरुषांची चरित्रे वाचून आपण त्यांना वंदन करतो. परंतु काही चरित्रे अशी असतात की, ती वाचणाऱ्यालाच प्रश्न विचारतात. भगवान बुद्धांचे चरित्र त्यांपैकी एक होय. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत त्यास स्थान देताना आम्हांस हे विशेष जाणवते.

सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्यकुलातील शुद्धोदन व महामाया यांच्या पोटी लुंबिनी वनात सिद्धार्थाचा जन्म झाला. ते स्थान आज नेपाळात असून सम्राट अशोकाचा शिलास्तंभ तेथे उभा आहे. सातव्या दिवशीच माता निवर्तली व मावशी महाप्रजापती गौतमी हिने बालकाचा सांभाळ केला. पुढे यशोधरेशी विवाह झाला. राहुल हा पुत्र झाला. उणे असे काहीच नव्हते. परंतु वृद्ध, रोगी व प्रेत दृष्टीस पडल्यापासून मनुष्याच्या दुःखाचा विचार त्यांना स्वस्थ बसू देईना, अशी कथा आहे. वयाच्या 29व्या वर्षी त्यांनी गृहत्याग केला.

आळार कालाम व उद्दक रामपुत्त या आचार्यांजवळ ते शिकले. नंतर सहा वर्षे घोर तप केले. देह अस्थिपंजर झाला, पण ज्ञान लाभले नाही. तेव्हा भोग आणि देहदंड ही दोन्ही टोके सोडून त्यांनी मध्यम मार्ग धरला. सुजातेने दिलेली खीर त्यांनी स्वीकारली आणि गयेजवळ पिंपळवृक्षाखाली वयाच्या 35व्या वर्षी त्यांना बोध झाला. सारनाथ येथे पाच जुन्या सोबत्यांना त्यांनी पहिला उपदेश केला. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते नाहीसे होऊ शकते व त्याचा मार्ग आहे, ही ती चार आर्यसत्ये. हा मार्ग आठ अंगांचा असून शुद्ध आचरण व जागरूक चित्त हा त्याचा पाया होय. तो चालण्यास उच्च कुळ लागत नाही, यज्ञाचा खर्चही लागत नाही. बुद्धांच्या धर्माचे मोठेपण आमच्या अल्पमतीप्रमाणे येथेच आहे.

त्यानंतर 45 वर्षे ते गावोगाव हिंडले. शाक्य राजपुत्र दीक्षेस आले, तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. आपला कुलाभिमान गळावा म्हणून राजपुत्रांनीच उपालीला आधी दीक्षा देण्याची विनंती केली व बुद्धांनी ती मानली. मागाहून आलेल्या राजपुत्रांना कालच्या सेवकापुढे नमावे लागले. बुद्धांच्या पश्चात राजगृहाच्या सभेत विनयाचे नियम सांगण्याचा मान याच उपालीला मिळाला. झाडलोट करणारा सुनीतही संघात आला. स्त्रियांच्या प्रवेशास बुद्धांनी प्रथम संमती दिली नव्हती. पण महाप्रजापतीचा निर्धार पाहून आणि आनंदाच्या विनवणीवरून, काही अटींसह, ती दिली. अतिसाराने मळात लोळणाऱ्या एका भिक्षूला तर त्यांनी आनंदाच्या साह्याने स्वतः धुऊन स्वच्छ केले.

आमच्या चाकूरहून नांदेडला गोदास्नानास जाणाऱ्या समाजबंधूंनी आणखी एक कथा ध्यानी ठेवावी. गोदातीरी अश्मक देशात बावरी नावाचा वृद्ध ब्राह्मण राहत असे. अश्मकाची राजधानी म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या सीमेलगतचे बोधन, असे अनेक अभ्यासक मानतात. बुद्धांची कीर्ती ऐकून बावरीने आपले 16 शिष्य पैठण, माहिष्मती व उज्जयिनी या मार्गाने उत्तरेकडे धाडले. सुत्तनिपात या पाली ग्रंथात त्यांचे प्रश्न व बुद्धांची उत्तरे आहेत. त्यांतील पिंगिय हा जराजर्जर व मंददृष्टी शिष्य परत येऊन गुरूला सर्व वृत्तांत सांगता झाला. एवढ्या जुन्या काळी गोदावरीच्या तीरावरून ज्ञानासाठी माणसे पायी निघाली, ही आपल्या प्रदेशाला भूषणावह गोष्ट होय.

ऐंशीव्या वर्षी पावा गावी चुंद लोहाराच्या घरचे अन्न घेतल्यावर बुद्धांना प्राणांतिक दुखणे जडले. त्या वेदनेतही त्यांना चिंता होती ती चुंदाची. लोक त्याला दोष देतील, म्हणून त्याचे ते अन्नदान महापुण्याचे आहे, असे त्यास कळविण्याची आज्ञा त्यांनी आनंदाला केली. कुशीनगरास दोन शालवृक्षांमध्ये त्यांचे महापरिनिर्वाण झाले. गुरूच्या गादीवर कोणासही न बसविता, धर्म हाच मार्गदर्शक माना, असे ते सांगून गेले.

पुढे हा धर्म सिंहलद्वीप, चीन, जपानपर्यंत पसरला. मराठवाड्यातील अजिंठ्याची लेणी त्याची साक्ष देतात. जन्मभूमीत मात्र तो क्षीण झाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लक्षावधी अनुयायांसह दीक्षा घेऊन त्यास येथे नवे जीवन दिले.

ज्ञातीच्या संस्था मुलांना शिक्षण मिळावे, अडल्यानडल्यास आधार व्हावा, यासाठी निघाल्या. ते कार्य स्तुत्यच आहे. परंतु नद्या सागरास मिळाल्यावर त्यांची निराळी नावे उरत नाहीत, तसे संघात कुळांचे होते, अशी बुद्धांची शिकवण होती. दारी आलेल्या माणसाची जात आधी विचारावी की तहान, याचा निर्णय प्रत्येक कुटुंबाने आपल्या उंबरठ्यावरच करावयाचा आहे. तो योग्य झाला, तर बुद्धचरित्राचे वाचन सार्थकी लागले असे आम्ही समजू.