पाषाणांचे अभ्यासक : स्टीफन हिस्लॉप

वऱ्हाडात पुष्कळ ठिकाणी विहीर खणू लागले म्हणजे मातीखाली टणक काळा पाषाण लागतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमी दुभंगून जो लाव्हारस वाहिला, तो थिजून हा पाषाण बनला. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, झाडे वाढली, शंखशिंपले व मासे नांदले. नव्या लाव्हारसाने ते सर्व झाकून टाकले. या थरांचा कसून शोध घेणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप यांची गणना होते.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील डन्स या गावी झाला. ख्रिस्ती धर्मोपदेशक म्हणून ते १८४५ साली नागपुरास आले. ते मराठी शिकले आणि १८४६ साली त्यांनी तेथे शाळा काढली. शाळेचे व धर्मकार्याचे काम आटोपून जो वेळ उरे, तो ते रानावनांत घालवीत. सहकारी रॉबर्ट हंटर हेही त्यांच्याबरोबर असत.

नागपूरजवळच्या टाकळी येथे त्यांना प्राचीन शंख, फळे, बिया आणि किड्यांचे अवशेष सापडले. मांगली येथे मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला पोचली. रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने १८५५ साली तिचे वर्णन केले. त्याच वर्षी हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या भूविज्ञान संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

जीवाश्म शोधणे हे चिकाटीचे काम आहे. पावसाने धुपलेले ओढ्यांचे काठ प्रथम पाहावे लागतात. पात्रातील वाळूगोट्यांत हाडाचा तुकडा दिसला, तर तो कोणत्या थरातून वाहत आला, हे प्रवाहाच्या वरच्या अंगास जाऊन शोधावे लागते. कठीण दगड हातोडीने फोडतात. मऊ माती वाळवून पाण्यात भिजवतात आणि मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून क्रमाने बारीक चाळणीत धुतात. उरलेला चाळ सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात, तेव्हा कोठे माशाचा एखादा दात हाती येतो. मात्र स्थळाची व थराची नोंद नसेल, तर त्या दाताचे मोल फारच थोडे राहते.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप हे सर रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. तेथून ते बोरीच्या शाळेची तपासणी करण्यास गेले. परतताना अंधार पडला होता आणि पावसाने ओढ्यास पूर आला होता. एकटेच घोड्यावरून ओढा ओलांडत असता ते बुडून मरण पावले. सेहेचाळिसावे वर्ष पुरे होण्यास अवघे चारच दिवस उरले होते.

आदिवासी लोकांविषयीचे त्यांचे लेखन अपुरेच राहिले. ते टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय त्यांचे नाव चालवीत आहे.

त्यांच्यानंतरही शोधाचे हे काम थांबले नाही. अमरावती जिल्ह्यातील सालबर्डी परिसराच्या खडकांत अलीकडच्या काळात डायनोसॉरची हाडे मिळाली आहेत. आपल्या पायांखालची भूमी हा एक फार जुना ग्रंथ आहे. तो वाचण्यास तीक्ष्ण दृष्टी, धीर आणि काटेकोर नोंद ठेवण्याची सवय लागते.