देवधर सर आणि त्यांचा महाराष्ट्र संघ

गहुंजे हे आपल्या मावळ तालुक्यातलं, देहूरोडजवळचं, एक्स्प्रेस वेच्या कडेचं गाव. २०१२ सालच्या एप्रिलमध्ये तिथे महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मोठं मैदान सुरू झालं आणि या गावाचं नाव टीव्हीवर यायला लागलं. सामना असला की घरातली पुरुषमंडळी आणि मुलं टीव्हीपुढे आणि आपण चहाच्या तिसऱ्या आधणापाशी! खेळाशी आपला संबंध एवढाच, असं आपण धरून चालतो. मीही तशीच होते. पण मुलांच्या तोंडून पुण्याच्या संघांची नावं कानावर पडायची, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात यायची. दर दोन-तीन वर्षांनी नाव बदललेलं असायचं.

२०११ मध्ये पुणे वॉरियर्स आले. पहिल्या वर्षी गहुंज्याचं मैदान तयार नव्हतं म्हणून घरचे सामने नवी मुंबईत झाले. युवराज सिंग, सौरव गांगुली अशी बडी नावं संघात, पण संघ कायम तळाशी. पुढे मालक कंपनी आणि क्रिकेट मंडळाचं पैशांवरून बिनसलं आणि २०१३ मध्ये संघच बंद झाला. २०१६ मध्ये दुसरा आला, रायझिंग पुणे सुपरजायंट्स. त्या वर्षी महाराष्ट्रात दुष्काळ. मे महिन्यातले सामने राज्याबाहेर न्या, असं उच्च न्यायालयाने सांगितलं आणि पुण्याचा संघ घरचे सामने विशाखापट्टणमला खेळला. पुढच्या वर्षी हाच संघ अंतिम सामन्यापर्यंत पोचला, मुंबईकडून अवघ्या एका धावेने हरला, आणि संपला. तो मुळी दोनच वर्षांसाठी होता. २०१८ मध्ये कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईचा संघ पाहुणा म्हणून आपल्याकडे येऊन गेला. त्याच वर्षी पवनेचं पाणी मैदानाला द्यायचं का, हा वाद न्यायालयात गेला. उन्हाळ्यात हंडे घेऊन उभ्या राहणाऱ्या मावळातल्या बायकांना त्यात कुणाची बाजू घ्यायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

कोट्यवधी रुपये ओतून उभे केलेले हे संघ भाड्याच्या घरासारखे आले नि गेले. आणि ज्या असोसिएशनचं हे मैदान, तिचा महाराष्ट्र संघ मात्र नव्वदच्या वर वर्षं खेळतोय. तो कुणी उभा केला, हे शोधताना मला देवधर सर भेटले. प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

त्यांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्यातला. टिळकांचं पुणं ते. क्रिकेट हा साहेबाचा खेळ, पण आपल्या पोरांनी तो केव्हाच उचलला होता. देवधर १९११ मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या वर्षी, हिंदू संघाकडून पहिला मोठा सामना खेळले. हो, त्या काळी संघ शहरांचे किंवा राज्यांचे नव्हते, धर्माचे होते! युरोपियन, पारशी आणि हिंदू, आणि १९१२ पासून मुस्लिमही. बरेचसे सामने मुंबईला. पुण्याच्या खेळाडूंनी गाडीत बसायचं आणि आपल्या लोणावळ्यावरून घाट उतरून जायचं.

आज हे वाचताना विचित्र वाटतं. त्यातही आत आणखी भिंती होत्याच. हिंदू संघाचे थोर गोलंदाज पळवणकर बाळू पुण्यातल्या क्लबांत मैदानाची देखभाल करता करता घडले. पण चर्मकार समाजातले म्हणून त्यांना कप्तानपद कधी मिळालं नाही. ते मिळालं त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठल यांना, तेही १९२३ मध्ये. अशा संघाचं यश किती कौतुकाचं, याचा विचार ज्याने त्याने करावा. गांधीजींनीही पुढे धर्मवार सामन्यांना विरोध केला आणि १९४६ नंतर ते कायमचे थांबले.

देवधर मात्र फक्त खेळाडू नव्हते. ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत. मला या माणसाबद्दल सगळ्यात आधी हेच आवडलं. एकीकडे कालिदास, एकीकडे बॅट! आणि ही नोकरीच त्यांच्या खेळाचा खरा आधार होती, हे पुढे कळेल.

१९२६ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडहून गिलिगन यांचा एम.सी.सी. संघ मुंबईत आला. बॉम्बे जिमखान्याचं मैदान, जिथे भारतीयांना सभासद होता येत नसे. तिथे देवधरांनी अखिल भारतीय संघाकडून १४८ धावा काढल्या. थोडेच दिवस आधी सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावा ठोकल्या होत्या. हे लोक आपल्या तोडीस तोड खेळतात हे पाहुण्यांना पटलं. १९२८ मध्ये भारताचं क्रिकेट मंडळ स्थापन झालं आणि १९३२ च्या जूनमध्ये भारत लॉर्ड्सवर पहिला कसोटी सामना खेळला. त्या संघात देवधर नव्हते. त्यांनी तेव्हा चाळिशी गाठली होती. ज्याने दार उघडायला हात लावला, त्यालाच आत जाता आलं नाही. पुढेही ते एकसुद्धा कसोटी सामना खेळले नाहीत.

एखादा माणूस इथे थांबला असता. चाळीस वर्षं म्हणजे आपल्याकडे मुलगी लग्नाची झाली, आता आपलं काय, असं म्हणायचं वय. बायका तर पस्तिशीतच म्हणायला लागतात. देवधरांचं मोठं काम मात्र त्यानंतर सुरू झालं.

१९३४-३५ मध्ये रणजी स्पर्धा सुरू झाली. आता संघ प्रांतांचे आणि संस्थानांचे. महाराष्ट्राचा संघ देवधरांनी बांधला आणि तेच कप्तान झाले. शेजारी मुंबई. तिथे पैसा, मैदानं, क्लब, सगळंच. आपल्याकडे कॉलेजातली पोरं आणि नोकरी सांभाळून खेळणारे लोक. पण या संघाने १९३९-४० मध्ये पुण्यात संयुक्त प्रांताला हरवून रणजी करंडक जिंकला. त्याच वर्षी सांगलीच्या विजय हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या, रणजीतलं पहिलं त्रिशतक. पुढच्या वर्षी, १९४०-४१ मध्ये, मद्रासला जाऊन मद्रासला हरवलं आणि करंडक परत पुण्यात! त्या वर्षीचा मुंबईविरुद्धचा सामना तर सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या, मुंबईने ६५० पर्यंत पाठलाग केला. आपल्या ६७५ मधल्या २४६ धावा एकट्या कप्तानाच्या. वय एकोणपन्नासच्या आसपास.

आणि मग उतरण लागली. माझ्या मते या सगळ्या गोष्टीचा गाभा इथे आहे.

त्या काळात राज्यांच्या संघाकडून खेळून पोट भरत नसे. महाराष्ट्र असोसिएशनकडे द्यायला काही नव्हतं. संस्थानिकांकडे मात्र होतं. ते खेळाडूला आपल्या दरबारात किंवा फौजेत नोकरी देत, पगार देत, आणि तो त्यांच्या संघातून खेळे. हजारे १९४१-४२ पासून बडोद्याकडून खेळू लागले आणि पुढच्याच वर्षी, १९४२-४३ मध्ये, करंडक बडोद्याला गेला. चंदू सरवटे इंदूरच्या होळकर संघात गेले. तिथे सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल होते आणि संघाचे कप्तानही. या होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी जिंकली.

यात हजारेंना किंवा सरवट्यांना दोष देणारी मी कोण? आपल्या मावळातली मुलं शेती सोडून पिंपरी-चाकणच्या कंपन्यांत जातात, तेव्हा आपण त्यांना बेइमान म्हणतो का? घर चालवायचं असतं. देवधर पुण्यात टिकले, कारण त्यांच्या हातात कॉलेजचा पगार होता. निष्ठा होतीच, पण निष्ठेला महिन्याच्या एक तारखेचा टेकू होता. कौतुक करताना हा टेकू विसरायचा नाही, असं मला वाटतं. बाई असो की पुरुष, ज्याच्या हातात स्वतःचे चार पैसे, त्यालाच मनासारखं थांबता येतं. बचत गटात काम करताना हे रोज दिसतं. कबड्डीत जिल्ह्यापर्यंत गेलेल्या मुलीला घरी पहिला प्रश्न असतो, याने मिळणार काय? प्रश्न चुकीचा नाही. उत्तर देणारं कुणी नसतं, ही अडचण.

अर्थात, दिलेल्या पैशाचंही आयुष्य असतं. संस्थानं गेली तसे त्यांचे संघही गेले. १९५४-५५ नंतर होळकर संघ हे नावच उरलं नाही. त्याच्या जागी पुढे मध्य प्रदेशचा संघ आला, त्याला रणजी जिंकायला २०२१-२२ उजाडलं. गहुंज्याचे ते दोन संघ गेले तेव्हा माझ्या मुलांना वाईट वाटलं होतं. होळकरांच्या इंदूरमध्येही तेव्हा मुलांना असंच वाटलं असेल.

देवधर मात्र हजारे गेल्यावरही खेळत राहिले. १९४४-४५ च्या मोसमात, बावन्न-त्रेपन्नाव्या वर्षी, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं काढली, १०५ आणि १४१. मी हा आकडा घरी सांगितला तर कुणाचा विश्वास बसेना. पुढे खेळणं थांबवलं, पण मैदान सोडलं नाही. बरीच वर्षं असोसिएशनचे अध्यक्ष होते, भारतीय संघाच्या निवड समितीवरही होते. भाऊसाहेब निंबाळकरांनी १९४८ च्या डिसेंबरमध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या, तो महाराष्ट्र संघ देवधरांच्याच परंपरेतला. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी असताना काठियावाडने पुढे खेळायलाच नकार दिला. किती हा रडीचा डाव!

आता या पानाच्या वाचकांना खरं आवडेल ते. देवधरांच्या मुली. तारा, सुंदर आणि सुमन, तिघी बॅडमिंटन खेळायच्या, आणि नुसत्या अंगणात नाही. १९४० च्या दशकात या बहिणींनी बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. लग्नानंतरही सुंदर पटवर्धन आणि सुमन आठवले या नावांनी त्या खेळत राहिल्या. त्या काळी मुलींना शाळेतून काढून लग्न लावून देणं हे सर्रास होतं. आणि इथे एका संस्कृतच्या प्राध्यापकाच्या घरात तीन मुली रॅकेट घेऊन बाहेर पडत होत्या. देवधरांच्या २४६ धावांपेक्षा मला याचं मोल जास्त वाटतं. क्रिकेट मात्र मुलींना तेव्हा खुलं नव्हतं. त्यासाठी १९७३ यावं लागलं. त्या वर्षी एप्रिलमध्ये महिलांची पहिली आंतरराज्य क्रिकेट स्पर्धा झाली आणि ती पुण्यातच झाली. संघ किती, तर तीन. मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. पुढे हजारेंच्याच सांगलीच्या स्मृती मानधनाने २०१३ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या महाराष्ट्र संघाकडून नाबाद २२४ धावा केल्या. आणि २०२२ च्या मे महिन्यात महिलांच्या तीन संघांची टी-ट्वेंटी स्पर्धा आपल्या गहुंज्यात झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या किरण नवगिरेने पंचवीस चेंडूंत अर्धशतक ठोकलं. तो सामना मी पूर्ण पाहिला, चहा दुसऱ्यांनी केला.

पुरुषांच्या महाराष्ट्र संघाला मात्र देवधरांचे दिवस परत आले नाहीत. १९७०-७१ मध्ये अंतिम सामन्यात मुंबईकडून हरले. १९९२-९३ मध्ये पंजाबकडून. २०१३-१४ मध्ये कर्नाटककडून. यातली दुसरी हार देवधरांच्या हयातीतली. तेव्हा ते एकशे एक वर्षांचे होते. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती, १९९१ मध्ये पद्मभूषण. १४ जानेवारी १९९२ ला त्यांनी वयाचंही शतक पूर्ण केलं. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ मध्ये, त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झाली होती. १९९६ मध्ये त्यांच्या नावाचं टपाल तिकीटही निघालं. ती स्पर्धा २०१९-२० नंतर काही वर्षं बंद पडली आणि २०२३ मध्ये पुन्हा खेळली गेली.