नामदार गोखले आणि विद्यापीठांचा कायदा

विद्यापीठाच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात कोणी बसावे, हा प्रश्न वरकरणी नियमावलीचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा असतो. हे वेळीच ओळखून त्यासाठी झुंजलेल्यांत नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे स्थान अग्रभागी आहे. विशेष म्हणजे, ही झुंज त्यांनी शिक्षकाच्या अनुभवावर दिली.

रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक येथे ९ मे १८६६ रोजी गोखले यांचा जन्म झाला. वडील लवकर वारले; थोरल्या बंधूंनी स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडून त्यांना शिकविले. १८८४ मध्ये पदवीधर झालेल्या या तरुणाने सरकारी नोकरीची वाट धरली असती, तर कोणी दोष दिला नसता. त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी पत्करली. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद होऊन तुटपुंज्या वेतनावर फर्ग्युसन महाविद्यालयात गणित, इंग्रजी, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. १९०२ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले आणि व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात दाखल झाले.

त्याच वर्षी लॉर्ड कर्झन यांनी सर टॉमस रॅले यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ आयोग नेमला. आयोगाचे सदस्य गुरुदास बॅनर्जी यांनी भिन्नमतपत्रिका जोडली, तरी १९०३ मध्ये विधेयक पुढे आलेच. विद्यापीठे केवळ परीक्षा घेणारी यंत्रे झाली आहेत आणि सिनेटचा आकार अवास्तव वाढला आहे, हे सरकारचे निदान सर्वस्वी खोटे नव्हते. सुधारणा हवी, हे गोखले यांनाही मान्य होते. त्यांचा आक्षेप औषधाला होता.

मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील सिनेटच्या सभासदांची संख्या या कायद्याने ५० ते १०० अशी ठरविली. त्यांपैकी निवडून यावयाचे अवघे २०. पदाधिकाराने येणारे मोजके सभासद सोडले, तर उरलेल्यांची नेमणूक कुलपतींच्या हाती. कुलपती म्हणजे मुंबईत गव्हर्नर आणि कलकत्त्यात खुद्द व्हाइसरॉय! सिनेट शंभरांचे असेल, तर त्यात ऐंशीजण सरकारच्या मर्जीतले, हा हिशेब गणिताच्या या अध्यापकाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पूर्वी सभासदत्व तहहयात असे. आता ते पाच वर्षांवर आले. ही तरतूद साधी दिसत असली, तरी फेरनेमणुकीची आशा धरणारा मनुष्य सरकारविरुद्ध मत देताना दहा वेळा विचार करील, हे गोखले यांनी हेरले. अध्यापकांना पुरेसे स्थान नाही, लोकनियुक्तांचा आवाज क्षीण आणि शेवटचा शब्द सरकारचा. अशाने विद्यापीठ हे सरकारचे एक खाते होऊन बसेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी दुरुस्त्या सुचविल्या. सरकारी बहुमतापुढे त्यांची डाळ शिजली नाही. मार्च १९०४ मध्ये विधेयक संमत झाले. त्यानंतर नव्या सिनेट बनविताना झालेल्या कृतींच्या कायदेशीरपणाबद्दल वाद उपस्थित होताच, त्या वैध ठरविण्यासाठी १९०५ मध्ये आणखी एक कायदा करण्यात आला. गोखले यांनी त्यालाही विरोध केला.

इतिहासाने या कथेला एक अनपेक्षित वळण दिले. कायदेमंडळात गोखले यांच्यासमवेत असलेले आशुतोष मुखर्जी १९०६ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. विद्यापीठाने स्वतः अध्यापन करावे, ही मुभा याच कायद्यात होती. तिचा उपयोग करून त्यांनी पदव्युत्तर शिक्षणाची भक्कम उभारणी केली. मग गोखले चुकले काय? तसे म्हणता येत नाही. खंबीर कुलगुरू लाभला, हे कलकत्त्याचे भाग्य. परंतु कायदा भाग्यावर विसंबून करावयाचा नसतो. दुबळ्या माणसांच्या हातीही जी संस्था ताठ उभी राहते, तिचीच घटना चांगली म्हणावयाची.

१९११ मध्ये गोखले यांनी मांडलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढल्या वर्षी फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. परकी सरकार गेले, कायदे करण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या विधिमंडळांकडे आला. तरीही अधिसभेवर निवडून आलेले किती आणि नेमलेले किती, कुलगुरूंच्या निवडीत मंत्र्यांचा हात किती, हे वाद मिटलेले नाहीत. सरकार स्वकीय असले, म्हणून हा हिशेब मांडण्याची जबाबदारी टळत नाही. गोखले यांनी तो मतदानात हरणार हे दिसत असतानाही चोख मांडला, हेच त्यांच्या शिक्षकी पेशाचे मोठेपण.