लॉर्ड पीटरची जन्मदात्री : डोरथी सेयर्स



इंग्लंडच्या बीबीसीने 1972 ते 1975 या काळात लॉर्ड पीटर विम्झी या उमराव गुप्तहेराच्या पाच कादंबऱ्यांवर दूरदर्शन मालिका केल्या. इयन कारमायकेल या नटाने ही भूमिका मिळावी म्हणून बीबीसीचा अनेक वर्षे पिच्छा पुरवला होता. एका डोळ्यावर काचेचे भिंग, अंगावर उंची सूट, मागे चहापासून फोटोग्राफीपर्यंत सगळे सांभाळणारा बंटर नावाचा इमानी नोकर, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याला वाटावे, हा श्रीमंत घरचा बिनकामाचा मुलगा आहे. त्या बडबडीआड बुद्धी चालू असते. पुढे 1987 मध्ये एडवर्ड पेथरब्रिज आणि हॅरिएट वॉल्टर यांना घेऊन आणखी तीन कादंबऱ्या पडद्यावर आल्या. गोळीबार नाही, पाठलाग नाही, तरी खिळवून ठेवणाऱ्या या मालिका आहेत. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके एका बैठकीत संपवणाऱ्यांना त्या नक्की आवडतील. मात्र या लॉर्डला जन्म देणाऱ्या बाईंचे स्वतःचे जीवन हेही एक रहस्य होते.

डोरथी ली सेयर्स यांचा जन्म 13 जून 1893 रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील रेव्हरंड हेन्री सेयर्स हे अँग्लिकन धर्मगुरू. (अँग्लिकन धर्मगुरू विवाह करू शकतात, हे आपणांस ठाऊक आहेच.) डोरथी लहान असतानाच वडिलांची नेमणूक पूर्व इंग्लंडमधील ब्लंटिशम या गावी झाली. तो सखल, पाणथळ प्रदेश. पुराची भीती कायम आणि चर्चचा मनोरा मैलोगणती अंतरावरून दिसणारा. एकुलती एक मुलगी, घरात पुस्तकांचा सहवास. वडिलांनी तिला सातव्या वर्षापूर्वीच लॅटिन शिकवायला घेतले.

ऑक्सफर्डच्या समरव्हिल कॉलेजात शिष्यवृत्ती मिळवून 1915 मध्ये त्या प्रथम वर्गात उत्तीर्ण झाल्या. पण पदवी मिळाली नाही, कारण स्त्रियांना पदवी देण्याची तेथे पद्धतच नव्हती! 1920 मध्ये नियम बदलला तेव्हा पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांत त्या होत्या.

नंतरची वर्षे ओढगस्तीची गेली. लंडनमध्ये भाड्याची खोली, हाती पैसा नाही. या दिवसांत त्यांनी लॉर्ड पीटर घडवला. आपल्याला जे परवडत नाही ते सगळे त्याला फुकटात देऊन टाकले, असे त्या पुढे गमतीने सांगत: पिकॅडिलीतले आलिशान घर, भारी गालिचे, डेमलर मोटार. 1922 मध्ये बेन्सन या जाहिरात कंपनीत नोकरी लागली आणि पुढच्याच वर्षी विम्झीची पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली.

त्याच सुमारास त्यांच्या आयुष्यात एक पुरुष आला. तो विवाहित होता. 3 जानेवारी 1924 रोजी डोरथी यांनी एका मुलाला जन्म दिला. जॉन अँथनी त्याचे नाव. कामावरून रजा घेऊन त्यांनी हे सारे गुपचूप पार पाडले. घरच्यांनाही कळू दिले नाही. मावसबहीण आयव्ही श्रिम्प्टन लोकांची मुले सांभाळत असे. एका ओळखीच्या बाईचे मूल आहे, ठेवून घेशील का, असे डोरथींनी तिला विचारले आणि ती तयार झाल्यावरच खरे सांगितले. नातू असल्याचे न कळताच आईवडील वारले. 1926 मध्ये डोरथींनी मॅक फ्लेमिंग या घटस्फोटित पत्रकाराशी लग्न केले. पुढे मुलाला फ्लेमिंग हे आडनाव मिळाले; मात्र आईच्या घरी राहणे त्याच्या वाट्याला कधीच आले नाही. खर्च मात्र त्यांनी नेमाने पाठवला.

तिला धाडसी म्हणावे की कठोर? मला वाटते, मूल नाकारले नाही हे धाडस होते. उरलेले त्या काळाचे भय होते, आणि त्याची किंमत मुलाने मोजली.

हे कळल्यावर कादंबऱ्यांकडे पाहण्याची नजर बदलते. 1930 च्या कथेत हॅरिएट वेन ही लेखिका, लग्नाशिवाय ज्याच्याबरोबर राहिली त्याच्याच खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभी आहे. पीटर तिला फाशीतून सोडवतो. पण उपकाराच्या पोटी लग्न नको म्हणून ती त्याला पाच वर्षे नकार देते. पीटरही केवळ विनोदी बाहुला नाही. पहिल्या महायुद्धात जमिनीखाली गाडला गेल्याने त्याचे मन जखमी आहे. गुन्हेगार पकडला की त्याला आनंद होत नाही. आपल्यामुळे एक माणूस फासावर जाणार, या विचाराने शेवटच्या कादंबरीत तो अक्षरशः कोसळतो.

1934 च्या एका कादंबरीत बालपणीचा तो पाणथळ प्रदेश आणि भोळे, प्रेमळ धर्मगुरू अवतरले आहेत. नववर्षाच्या रात्री आठ घंटा सलग नऊ तास वाजवायच्या असतात. एक घंटावादक फ्लूने आजारी पडतो आणि मोटार बिघडल्यामुळे गावात अडकलेला लॉर्ड दोर हाती धरतो. पुरुष वारला की घंटेचे नऊ ठोके देण्याची तेथील प्रथा. आपल्या गावांतही मृत्यूची बातमी घंटेनेच कळत आली आहे, त्यामुळे ही कथा मला सर्वांत जवळची वाटते. कारमायकेल यांची 1974 ची मालिका याच कथेवर आहे.

पुढे बाईंनी रहस्यकथा सोडल्या. बीबीसी रेडिओसाठी त्यांनी ख्रिस्तचरित्रावर बारा नाटके लिहिली. ती डिसेंबर 1941 ते ऑक्टोबर 1942 या काळात प्रसारित झाली. रंगमंचावर ख्रिस्ताची भूमिका करण्यास तेव्हा इंग्लंडमध्ये बंदी होती. येशूने आणि शिष्यांनी साध्या बोलीत बोलावे यावर गहजब झाला, प्रकरण संसदेपर्यंत गेले. सिंगापूर पडले ते या नाटकांमुळेच, असे म्हणणारेही निघाले! येशूचा आवाज दिला होता रॉबर्ट स्पेट या कॅथोलिक नटाने. लाखो घरांत ही नाटके ऐकली गेली.

1943 मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मशास्त्रातील डॉक्टरेट देऊ केली. ती त्यांनी नम्रपणे नाकारली. आपण तितक्या चांगल्या ख्रिस्ती नाही, असे त्यांना वाटत होते. तेव्हा जॉन अँथनी एकोणीस वर्षांचा होता.

1944 मध्ये बॉम्बहल्ल्याच्या वेळी तळघरात जाताना त्यांनी दान्तेचे पुस्तक उचलले आणि त्या त्यात बुडून गेल्या. पन्नाशीत त्यांनी जुनी इटालियन आत्मसात केली. नरकाचा अनुवाद 1949 मध्ये, शुद्धिस्थानाचा 1955 मध्ये निघाला. स्वर्गाच्या 33 सर्गांपैकी 20 झाले होते. 17 डिसेंबर 1957 रोजी नाताळची खरेदी करून विदम येथील घरी परतल्यावर त्यांना अचानक मृत्यू आला. उरलेले सर्ग त्यांची मैत्रीण बार्बरा रेनल्ड्स यांनी पूर्ण केले.

त्यांची रक्षा लंडनच्या सेंट ॲन्स चर्चच्या मनोऱ्याखाली आहे. मृत्युपत्रात सारी मालमत्ता जॉन अँथनीच्या नावे होती. जगाला तो त्यांचा मुलगा असल्याचे कळले ते 1975 मध्ये एका चरित्रातून, कारमायकेलची शेवटची विम्झी मालिका आली त्याच वर्षी.