भाषांतरकार बेयार्ड टेलर

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात केनेट स्क्वेअर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे ११ जानेवारी १८२५ रोजी बेयार्ड टेलर यांचा जन्म झाला. वडील शेतकरी होते. महाविद्यालयीन शिक्षणाचा योग बेयार्डना आला नाही. सतराव्या वर्षी ते एका छापखान्यात उमेदवारी करू लागले. हात खिळे जुळवीत असत. मन मात्र दूरदेशी भटकत असे.

१८४४ साली उमेदवारीतून मुक्त होऊन ते यूरोपास निघाले. जवळ अवघे १४० डॉलर होते. त्यांतील बरेचसे प्रवासपत्रे लिहून देण्याच्या बोलीवर आगाऊ मिळालेले. पैसे पुरावेत म्हणून पाठीवर सामान बांधून ते बहुधा पायीच हिंडत. पहिला हिवाळा त्यांनी महाकवी गटे याच्या जन्मगावी, फ्रँकफुर्ट येथे काढला आणि तेथे जर्मन भाषा आत्मसात केली.

१८४६ साली त्यांचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले व त्यांचे नाव घरोघरी पोहोचले. पुढे त्यांनी अनेक देश पाहिले. १८५३ साली ते हिंदुस्थानातही फिरले.

प्रवासाने कीर्ती दिली. परंतु त्यांचे मन एका अवघड कार्यात गुंतले होते. गटे याचे 'फाउस्ट' हे सुमारे १२,००० ओळींचे काव्यनाट्य त्यांना इंग्रजीत आणावयाचे होते. केवळ अर्थ सांगून त्यांचे समाधान होईना. मूळ काव्यातील वृत्ते पावलोपावली बदलतात. ती वृत्ते आणि यमकेही राखावयाची, असा त्यांचा निश्चय होता. कित्येक वर्षांच्या परिश्रमानंतर १८७० साली पहिला व १८७१ साली दुसरा भाग प्रसिद्ध झाला. महाविद्यालयाची पायरी न चढलेला हा मनुष्य कॉर्नेल विद्यापीठात जर्मन वाङ्मयावर व्याख्याने देऊ लागला.

१८७८ साली अमेरिकेचे वकील म्हणून ते बर्लिनला गेले. गटे याचे चरित्र लिहावे, ही त्यांची मोठी उमेद होती. परंतु शरीराने साथ दिली नाही. १९ डिसेंबर १८७८ रोजी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ते बर्लिन येथेच निवर्तले. ते चरित्र अलिखितच राहिले.

टेलर स्वतःला प्रथम कवी मानीत. त्यांच्या कविता आज क्वचितच वाचल्या जातात. परंतु दुसऱ्या कवीच्या शब्दांसाठी त्यांनी केलेले श्रम टिकून राहिले. त्यांच्या भाषांतरातून इंग्रजी वाचकांच्या अनेक पिढ्यांना 'फाउस्ट'ची ओळख झाली.