बार्बरा हेपवर्थ

डेम जोसेलिन बार्बरा हेपवर्थ (१० जानेवारी, १९०३ - २० मे, १९७५) या इंग्लिश शिल्पकार होत्या. विसाव्या शतकातील अमूर्त शिल्पकलेच्या प्रमुख प्रवर्तकांमध्ये त्यांची गणना होते. डोंगर, समुद्रकिनारा आणि भूदृश्यात उभा असलेला माणूस ही त्यांच्या शिल्पांची मुख्य प्रेरणा होती.

प्रारंभिक जीवन

हेपवर्थ यांचा जन्म इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील वेकफील्ड येथे झाला. त्यांचे वडील स्थापत्य अभियंता होते. रस्ते व पुलांच्या पाहणीसाठी ते मोटारीने फिरत, तेव्हा लहानग्या बार्बराला सोबत नेत. या प्रवासांत दिसलेले डोंगरांचे उंचवटे, दऱ्या व वळणे त्यांच्या मनावर कायमची ठसली. १९२० साली त्यांनी लीड्स स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेथे हेन्री मूर हे त्यांचे सहाध्यायी होते. पुढील वर्षी दोघेही लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. १९२४ मध्ये शिष्यवृत्ती मिळवून त्या इटलीला गेल्या. शिल्पकार जॉन स्कीपिंग यांच्याशी १९२५ मध्ये त्यांचा फ्लॉरेन्स येथे विवाह झाला. संगमरवर कोरण्याचे शिक्षण त्यांनी रोममध्ये घेतले.

शिल्पशैली

मातीचा नमुना घडवून तो कारागिरांकडून दगडात उतरवून घेण्याची पद्धत त्या काळी रूढ होती. हेपवर्थ यांनी त्याऐवजी दगड व लाकूड स्वतः कोरण्याचा मार्ग स्वीकारला. १९३२ च्या सुमारास त्यांनी शिल्पाला आरपार छिद्र पाडले. त्यामुळे पोकळी हाही शिल्पाचा घटक बनला व शिल्पातून पलीकडचे दृश्य पाहता येऊ लागले. दुसरे पती, चित्रकार बेन निकल्सन, यांच्यापासून त्यांना १९३४ मध्ये तिळी अपत्ये झाली. मुलांचे संगोपन व आर्थिक ओढाताण सांभाळत त्यांनी शिल्पकाम चालू ठेवले.

सेंट आइव्झ

ऑगस्ट १९३९ मध्ये, दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या बेतात असताना, हे कुटुंब कॉर्नवॉलमधील सेंट आइव्झ या किनारी गावी आले. युद्धकाळात जागा, साहित्य व वेळ यांच्या अभावी मोठे शिल्पकाम जवळजवळ थांबले. दिवसा बालवाडी व भाजीपाल्याची बाग आणि रात्री रेखाटने असा त्यांचा क्रम होता. सेंट आइव्झच्या उपसागराच्या वक्र किनाऱ्यावरून स्फुरलेले पेलागोस (१९४६) हे लाकडी शिल्प याच परिसराची देणगी होय. त्याच्या पोकळीला फिकट रंग दिलेला असून दोन टोकांमध्ये तारा ताणलेल्या आहेत.

१९४९ मध्ये त्यांनी गावातील ट्रेविन स्टुडिओ विकत घेतला. १९५१ मध्ये निकल्सन यांच्याशी घटस्फोट झाला. १९५३ मध्ये थोरला मुलगा पॉल हा ब्रिटिश हवाई दलात असताना थायलंडमध्ये विमान अपघातात मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ हेपवर्थ यांनी घडविलेले माता व बालकाचे शिल्प सेंट आइव्झच्या चर्चमध्ये आहे.

सार्वजनिक शिल्पे

१९५६ पासून त्या ब्राँझमध्येही काम करू लागल्या. त्यामुळे उघड्यावर टिकणारी मोठी शिल्पे घडविणे शक्य झाले. १९६३ मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरील एका दुकानाच्या भिंतीवर विंग्ड फिगर बसविण्यात आले. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस डाग हामरशील्ड हे त्यांचे स्नेही होते. १९६१ मध्ये विमान दुर्घटनेत त्यांचे निधन झाल्यावर हेपवर्थ यांनी सुमारे ६.४ मीटर उंचीचे सिंगल फॉर्म घडविले. १९६४ मध्ये ते न्यू यॉर्कमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयासमोर उभारले गेले. फॅमिली ऑफ मॅन (१९७०) हा नऊ ब्राँझ आकृत्यांचा समूह आहे. त्याची एक प्रत वेकफील्डजवळील यॉर्कशायर स्कल्प्चर पार्कमध्ये असून चालत फिरताना प्रेक्षकाला या आकृत्या भूदृश्याचा भाग म्हणून दिसतात.

सन्मान

१९५९ मध्ये साओ पाउलो द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांना सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९६५ मध्ये त्यांना डेम हा किताब देण्यात आला.

मृत्यू व वारसा

२० मे, १९७५ रोजी ट्रेविन स्टुडिओला लागलेल्या आगीत, वयाच्या ७२ व्या वर्षी, हेपवर्थ यांचा मृत्यू झाला. १९७६ मध्ये हा स्टुडिओ व त्याची बाग संग्रहालय म्हणून खुली झाली. १९८० पासून त्याची व्यवस्था टेट ही संस्था पाहते. २०११ मध्ये वेकफील्ड येथे कॅल्डर नदीच्या काठी त्यांच्या नावाने हेपवर्थ वेकफील्ड हे कलादालन सुरू झाले.